पबमधलं उद्यापन

उपास असलेल्या बाईला बाहेर खायला कुठे न्यावं असं कुणी मला विचारलं, तर मी बेधडक सांगते, आयरिश पबमध्ये न्या. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. चेष्टा करायची खोड मला आहे, पण ह्या बाबतीत मी अगदी खरं सांगते.

आम्ही राहतो ते लंडन राणीचं नव्हे, कॅनडातलं. इथेही थेम्स नावाची नदी आहे, पण तिच्या काठावर सगळी सत्ता बदकांची. माझ्या थोरल्या नणंद २०१६च्या नोव्हेंबरात सांगलीहून निघाल्या, तेव्हा अख्ख्या आळीला ‘लंडनला चाललेय भावाकडे’ असं सांगून आल्या होत्या. टोरांटोला विमानातून उतरल्या, दोन तास गाडीतून ओसाड शेतं बघितली आणि मग मागच्या सीटवरून त्यांनी विचारलं, “राणीचा राजवाडा कुठल्या अंगाला आला?” ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मी त्यांना वन्सं म्हणते, हे आक्का म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास. चाळीस वर्षं मराठीच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्यांना ऐकू येतं. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा सासूबाईंपेक्षा मी वन्संनाच जास्त भ्यायचे. खाण्यात मात्र बाई दिलदार. पंगतीत बसल्या की वाढणारे दमायचे, ह्या दमायच्या नाहीत. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, कौतुकानं म्हणायचे, “हिला जेवताना बघून माझं पोट भरतं.”

भाऊजी आदल्या जानेवारीत गेले आणि आमच्याकडे ज्या वन्सं आल्या त्या निम्म्या झालेल्या होत्या. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. दोन एकादश्या, संकष्टी, प्रदोष. जे वार उरले त्या दिवशी, “आज काही जात नाही गं.” एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं केली त्यानं वन्संचा उपास बघितला नव्हता. मी निगुतीनं साबुदाण्याची खिचडी करायची, वर ओलं खोबरं पेरायची, आणि त्या दोन घास खाऊन ताटली बाजूला सारायच्या. ब्लाउजला आतून टाके घालून घालून शिवण काखेतून छातीवर आली होती.

हे इथल्या युनिव्हर्सिटीत माती शिकवतात. कुठली जमीन किती भार सोसेल ते सांगणारा माणूस, पण बहिणीपुढे त्यांचं काही चालेना. डॉक्टरांनी वन्संना तपासून सांगितलं होतं की आजार काही नाही, फक्त वजन आणखी उतरता कामा नये. एका रात्री हे अंथरुणात उठून बसले.

“गेल्या चार महिन्यांत आक्का एकदा तरी ‘भूक लागली’ म्हणाली का गं?”

मी आठवून पाहिलं. नव्हत्या म्हणाल्या.

“एप्रिलच्या शेवटी तिची फ्लाइट आहे. अशी परत पाठवायची? तिकडे एकटी राहणार. जेवली का नाही ते बघायला कोण आहे?”

माझा स्वभाव तापट. दुसऱ्याच दिवशी मी वन्संना भांड्यांच्या आवाजात सगळं ऐकवलं. देवाला असले हाडं दिसणारे भक्त नको असतात, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “धरलंय ते सोडता येत नाही, वहिनी.” मी कणीक इतकी जोरात मळली की पोळ्या चांगल्या झाल्या.

मार्चच्या सुरुवातीच्या एका सोमवारी मी त्यांना डाउनटाउनमध्ये नेलं होतं. सोमवारी मला हॉस्पिटलच्या लॅबमधून सुटी असायची. लायब्ररीतून बाहेर पडलो आणि फ्रीझिंग रेन सुरू झाला. पाऊस पडतोय आणि पडल्या पडल्या त्याची काच होतेय. ह्यांना फोन केला तर त्यांचं लेक्चर संपायला तासभर होता. तेवढ्यात वन्सं माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “वहिनी, मला जायचंय.” उपासाच्या दिवशी नुसतं पाणी आणि चहा, दुसरं काय होणार! फुटपाथवर पाऊल ठेववत नव्हतं. सगळ्यात जवळचं दार हिरवं होतं आणि त्यावर सोनेरी वीणेसारखं वाद्य रंगवलेलं होतं. मी त्यांचा दंड धरला आणि आत शिरले.

“हे काय आहे गं?”

“खानावळ,” मी म्हटलं.

वॉशरूममधून बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, काउंटरकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “खानावळीत एवढे नळ कशाला?”

“इकडे पाणी फार पितात,” मी म्हटलं आणि त्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी बसवून टाकलं.

वॉशरूम वापरलं तर काहीतरी घ्यायला हवं म्हणून मी मेन्यू उघडला आणि बघतच राहिले. सुपात बटाटा. मटणाच्या खिम्यावर बटाट्याचा थर. बटाट्याचं धिरडं, बटाट्याचे काप, कुस्करलेला बटाटा, सालासकट भाजलेला बटाटा. मराठी माणसाच्या उपासाचं अर्धं ताट त्या कार्डावर छापलेलं होतं. मालक स्वतःच ऑर्डर घ्यायला आला. पन्नाशीचा, ढेरपोट्या, खांद्यावर फडकं टाकलेला.

मी विचारलं, बटाटा भाजता कशात? तो म्हणाला, फॉइलमध्ये गुंडाळून, सालासकट. म्हणजे सोवळ्यातच की! एक मागवला.

“बेकन?” “नको.” “सावर क्रीम?” “नको.” “चाइव्ह्ज?” “ते काय असतं?” “बारीक कांद्याची पात.” “अजिबात नको.” “बटर?” मी वन्संना विचारलं. लोणी चालत होतं.

“सो... जस्ट द पोटॅटो?”

“जस्ट द पोटॅटो.”

त्यानं मान लववली. एवढा विश्वास त्याच्या बटाट्यावर आजवर कुणी टाकला नसावा.

बटाटा आला, वाफाळता, मधोमध चीर दिलेला, लोणी आत झिरपतंय. वन्संनी पर्समधून चांदीची एवढीशी डबी काढली. मी ती डबी ओळखली. त्यांच्या लग्नातली कुंकवाची डबी होती. आता तिच्यात सैंधव असायचं. चिमूट टाकून त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले, कारण बघितलं की मांजर दूध पिणं थांबवतं. अर्ध्याहून जास्त बटाटा गेला.

मग चहा आला. बशीत एक बिस्किट होतं. इथे चहाबरोबर देतातच. ते दिसताच वन्सं खुर्चीत मागे सरकल्या. “हे उचल आधी,” म्हणाल्या. मला वाटलं अंड्याची शंका आली असेल. मी उचललं आणि खाऊन टाकलं.

“लेंट पाळतेय का ती?” बाजूच्या टेबलावरून आवाज आला.

फायरप्लेसजवळ एक आजीबाई बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, निळा स्वेटर, समोर चहा. ऐंशीच्या तरी असाव्यात. त्या मालकाच्या आई, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आलेल्या, आणि रोज दुपारी त्याच खुर्चीत बसणाऱ्या. ईस्टरच्या आधी सहा-सात आठवडे त्यांच्यात लेंट पाळतात, आवडीची एखादी गोष्ट सोडतात. आजींनी साखर सोडली होती. चहातली, केकमधली, सगळीच. साखरेशिवाय चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असंही त्या म्हणाल्या.

मी वन्संना सांगितलं, तशी त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कुतूहल दिसलं. “म्हणजे चातुर्मासच की! आमच्या सासूबाई वांगं सोडायच्या. विचार त्यांना, फार आठवण येते का साखरेची?”

“फार,” आजी म्हणाल्या. “पण ईस्टरला संपेल. तुझा कधी संपतो?”

मी भाषांतर केलं. वन्संनी चमचा बशीत ठेवला. “संपत नाही म्हणावं.”

आजींनी कप खाली ठेवला. “सगळे लेंट संपतात, डिअर. संपत नाही तो लेंट नव्हे.” मग भिंतीवरच्या एका जुन्या चित्राकडे त्यांनी बोट केलं. बोडकं शेत, आणि वाटेवर गाठोडी घेऊन निघालेली माणसं. त्यांच्या पणजोबांच्या काळात शेतातले बटाटे जागच्या जागी कुजले होते आणि गावंच्या गावं उठली होती. “त्याला आम्ही हंगर म्हणतो.”

आता हंगर म्हणजे भूक, एवढंच मी सांगायला हवं होतं. पण गेले चार महिने माझी जीभ शिवशिवत होती. मी म्हटलं, “त्या म्हणतात, संपतो तो उपास. संपत नाही ती उपासमार.”

आजींच्या वाक्याला एवढा तिखट तडका मी दिला, तो मराठीच्या शिक्षिकेला कळल्याशिवाय कसा राहील? वन्संनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग उठल्या, कोट चढवला. “चल.”

ह्यांनी गाडीत विचारलं, “काय गं आक्का, काही खाल्लंस का?” वन्संनी टोपी कानांवर ओढली. पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलणं फक्त गरजेपुरतं. हे मला म्हणाले, “तू ना, एक दिवस घर मोडशील.” मी म्हटलं, “बटाटा अर्ध्याच्या वर खाल्लाय त्यांनी. आधी ते बघा.”

पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता वन्सं बूट, कोट, टोपी घालून दारात उभ्या.

“त्या खानावळीतला बटाटा बरा होता,” भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमचा सोमवार ठरून गेला. आम्हाला बघितलं की मालक लांबूनच “जस्ट द पोटॅटो!” म्हणून ओरडायचा. आजींनी आमच्यासाठी फायरप्लेसजवळच्या खुर्च्या राखून ठेवायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी दोघींच्या मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होते. नंतर माझी गरज कमी कमी होत गेली. आजी इंग्लिशमध्ये बोलायच्या, वन्सं मराठीत, आणि दोघी माना डोलवायच्या. आजींचा सूर असा की प्रत्येक वाक्य वर चढून मग खाली यायचं. वन्सं म्हणाल्या, “ह्या कोकणी माणसासारखं हेल काढून बोलतात. समजतं सगळं.” काहीही समजत नव्हतं. एकदा आजी संधिवाताबद्दल सांगत होत्या आणि वन्संना वाटलं सुनेबद्दल सांगतायत. दोघींची सहानुभूती मात्र अगदी खरी होती.

काउंटरच्या टोकाला एक स्टूल होतं. त्यावर कुणी बसायचं नाही. वरच्या खुंटीला एक चपटी टोपी टांगलेली होती. आजींच्या नवऱ्याची. वन्संनी पर्समधून भाऊजींचा फोटो काढून दाखवला. आजींनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “देखणा होता की.” हे भाषांतर करताना मला हसू आवरेना, कारण भाऊजी मनानं सोन्यासारखे होते, पण देखणे? वन्सं मात्र चक्क लाजल्या.

बिस्किटाची कथा तेवढी दर सोमवारी तशीच. मालक सवयीनं बशीत ठेवायचा, वन्सं बोटाच्या टोकानं ती बशी माझ्याकडे सरकवायच्या. एका सोमवारी आजींनी विचारलं, “तिला बिस्किटाचा एवढा राग का?”

मला वाटलं वन्सं टाळतील. त्यांनी टाळलं नाही. टेबलावरच्या लाकडाच्या रेषांकडे बघत त्या मराठीत बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे, आजींशी. मी फक्त मधली तार होते.

भाऊजी आजारी पडले तेव्हा वन्संनी सोळा सोमवार धरले होते. निम्मे झाले असतील. एका सोमवारी संध्याकाळी त्या मिरजेला दवाखान्यात भाऊजींच्या उशाशी बसल्या होत्या. आदल्या दोन रात्री जागरण झालेलं. चहा आला, हातात बिस्किट आलं, त्यांनी ते चहात बुडवून खाल्लं. घास गिळल्यावर लक्षात आलं की आज सोमवार. त्याच आठवड्यात भाऊजी गेले.

“माझ्या एका बिस्किटापायी,” वन्सं म्हणाल्या. “नाहीतर उठले असते.”

पस्तीस वर्षं मी त्यांना ओळखते. एवढे वार, एवढ्या एकादश्या कशाची फेड चालली होती, ते मला त्या पबमध्ये, बिअरच्या नळांसमोर कळलं. मला इंग्लिश शब्द सुचेनात. कसंबसं सांगितलं. वाटलं, आता आजी म्हणतील, असं काही नसतं, डिअर. मी असते तर तेच म्हटलं असतं, आणि वन्संनी ते दुसऱ्या कानानं सोडून दिलं असतं.

आजींनी वेगळंच विचारलं. “ते बिस्किट तिला दिलं कुणी?”

वन्सं हळूच म्हणाल्या, “ह्यांनीच. त्यांच्या चहाबरोबर आलं होतं. म्हणाले, मला नको, तू खा.”

मी ते सांगितलं. आजींनी हात पुढे करून वन्संच्या मनगटावर ठेवला. “मग तू उपाशी राहू नयेस, असंच त्याच्या मनात होतं.”

ह्या खेपेला मी पदरचं काही घातलं नाही. जसंच्या तसं सांगितलं. वन्संनी नाकाला रुमाल लावला आणि खूप रडल्या. मालकानं टीव्हीवरच्या हॉकीचा आवाज बंद केला आणि पुसलेलेच ग्लास परत पुसत बसला.

रडून झाल्यावर त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. “ते सगळं खरं असेल,” त्या म्हणाल्या, “पण व्रत अर्धवट राहिलं ना. उद्यापन केल्याशिवाय ते सुटत नाही. आणि उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं. मी कुणाबरोबर बसू?”

उद्यापन म्हणजे काय ते आजींना सांगितलं. व्रताचा शेवट, पूजा, गोड करायचं, चार जणांना खाऊ घालायचं. आणि त्याला दोघं लागतात.

“दोनच?” आजी म्हणाल्या. “मग आम्ही दोघी आहोत की.”

दोघं म्हणजे नवरा-बायको, हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण नाही सांगितलं. वन्संकडे वळून म्हटलं, “त्या विचारतायत, आपण दोघी बसलो तर चालेल का?”

वन्सं आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग आजींकडे. आणि मग हसल्या. पंगतीत ऐकू यायचं ते जुनं, खणखणीत हसणं. टोपीखालचं ते स्टूलसुद्धा हललं असेल.

घरी आल्यावर मला धाकधूक होती की आता ह्या सांगलीच्या गुरुजींना फोन लावणार आणि गुरुजी मोडता घालणार. हेही म्हणाले, “आक्का, कन्फर्म करून घ्यायचं का एकदा?”

“गुरुजींना काय विचारायचंय त्यात?” वन्सं म्हणाल्या. “मी जन्मभर व्याकरण शिकवलंय. जोडपं नपुंसकलिंगी आणि जोडी स्त्रीलिंगी. शास्त्रात जोडी म्हटलंय.”

शास्त्रात नेमकं काय म्हटलंय ते मला माहीत नाही. विचारायला मी काही वेडी नव्हते.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आजींचा लेंट संपलेला, आमचा वार बरोबर. वन्संनी पहाटेपासून माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गव्हाचं जाडसर पीठ भिजवून, त्याचे मुटके तळून, कुटून, गूळ-तुपात चुरम्याचे लाडू वळले. स्मोक अलार्म दोनदा वाजला, तेव्हा हे स्टुलावर चढून त्याला वारा घालत होते. मला फक्त भांडी पुसायचा अधिकार होता आणि मी तो आनंदानं बजावला.

दुपारच्या गर्दीच्या आत पबमध्ये पोचलो. मालकानं फायरप्लेससमोरचं टेबल पुसून त्यावर स्वच्छ पांढरा नॅपकिन अंथरला होता. वन्संनी शंकराची तसबीर मांडली, निरांजन लावलं आणि एकदम कपाळावर हात मारला. “बेल! बेलाचं पान कुठून आणायचं?”

कॅनडात बेल? वन्संची नजर फिरत फिरत खिडकीत गेली आणि थबकली. तिथे एक छोटी कुंडी होती. शॅमरॉक. मार्चमध्ये आयरिश लोकांचा मोठा सण असतो, तेव्हा सगळ्या दुकानांतून ह्या कुंड्या मिळतात. गर्द हिरवी, नाजूक पानं. प्रत्येक पान तीन दलांचं.

“त्रिदल आहे,” वन्सं म्हणाल्या.

“शंकराला चालेल का?” हे म्हणाले.

“भोळा आहे तो.”

आजींनी स्वतःच्या हातानं पानं खुडून दिली. त्यांच्या संतानं ह्याच पानावरून देव समजावून सांगितला होता म्हणे, एकात तीन. वन्संना ते इतकं पटलं की त्यांनी आजींना शंकराच्या तिसऱ्या डोळ्याबद्दल बरंच काही सांगितलं. मराठीत. आजी म्हणाल्या, “क्वाइट राइट.”

मग जोडी बसली. एक नऊवारीची हौस असूनही निघताना पाचवारीच नेसून आलेली, कारण कोटाच्या आत काष्टा सांभाळवत नाही. दुसरी निळा स्वेटर घातलेली आणि कुणीतरी फोटो काढणार असल्यासारखी ताठ. ह्यांनी कहाणी वाचली. काउंटरवर दोघे जण दुपारची बिअर पीत होते, त्यांनी ‘प्रार्थना चाललीय’ असं एकमेकांना खुणावून टोप्या काढल्या. आजींनी शेवटी छातीवर क्रॉसची खूण केली. वन्संनी नमस्कार केला. कुणाचंच काही बिघडलं नाही.

वन्संनी पहिला लाडू आजींना दिला. आजींनी तो हातात धरला, पण लगेच तोंडात घातला नाही. तेवढ्यात मालक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काल ईस्टरला घरी एवढा मोठा केक होता. आईनं त्याला हात लावला नाही. चहाही बिनसाखरेचा. म्हणाली, माझी पार्टनर उद्यापर्यंत थांबलीय, मी एकटी कशी सोडू?”

मी हे वन्संना सांगितलं. आजींच्या हातातल्या लाडवाचा तुकडा मोडून त्यांनी स्वतः आजींच्या तोंडात घातला, आणि आजींनी त्यांच्या. दोघींचे ओठ तुपानं चकाकत होते. आजी डोळे मिटून म्हणाल्या, “ओ, शुगर,” आणि मला म्हणाल्या, ही साखरेपेक्षा चांगली आहे, काय आहे ही? गूळ, मी म्हटलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

लाडू सगळ्यांना वाटले. काउंटरवरच्या दोघांना, मालकाला, आतल्या कुकला. उरलेल्यातला एक वन्संनी त्या रिकाम्या स्टुलावर नेऊन ठेवला, टोपीखाली. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

मग मालक चहा घेऊन आला. आजींनी चमच्यावर चमचा साखर घातली, तीनदा ढवळली, समाधानाचा सुस्कारा टाकला. वन्संच्या समोरही कप ठेवला. बशीत, नेहमीसारखंच, बिस्किट. मालकाच्या ते लक्षात आलं आणि तो घाईनं उचलायला वाकला. हेही पुढे झाले. मीही हात पुढे केला, कारण ते माझ्याकडे सरकवायची पद्धतच होती.

“राहू दे,” वन्सं म्हणाल्या.

त्यांनी बिस्किट उचललं. थोडा वेळ बोटांत धरून ठेवलं. मग चहात बुडवलं आणि बुडवून तशाच बसल्या, इतका वेळ की ते मऊ होऊन मोडलं आणि अर्धं कपात पडलं. वन्संनी हातातलं अर्धं तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग चमच्यानं कपातला लगदा शोधून शोधून काढला आणि तोही खाल्ला. शाळेतल्या पोरीसारखा चमचा चाटला.

“वहिनी,” कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “त्या मुलाला म्हणावं, अजून दोन आण. आणि बटाटाही. भूक लागलीय मला.”